पुढची पट्टी, मागची पट्टी

पनवेल,
मंगळवार, १४ फेब्रुवारी १९५६

प्रिय भामा,

अनेक आशीर्वाद. ठमाबाईने टोपलीतून काढून हे पत्र तुझ्या हातात दिलं की आधी आजूबाजूला बघ आणि मगच उघड. तू बाजूला बसली आहेस हे एका परीने बरंच झालं. चार दिवस तुला कुणी शिवणार नाही, तुझ्याजवळची वस्तू कुणी उचलणार नाही, म्हणजे पत्रही कुणी हिसकावून घेणार नाही. पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून वाच. आणि एवढं ऐक, गंगाविहिणींनी आणून ठेवलेल्या बाटलीतला काढा तोंडाला लावू नकोस. एक घोटही नाही. त्या चिडल्या तरी नाही, जावयांनी गळ घातली तरी नाही. का ते सांगते. एका ओळीत सांगितलं तर तुला पटायचं नाही, कारण मला स्वतःला पटायला तेवीस वर्षं लागली.

अक्षर वेडंवाकडं आहे. हसू नकोस. तुला शिकवायला मास्तर होते, मला तूच होतीस. तू शाळेतून आलीस की भाकऱ्या थापता थापता मी तुझ्या पाटीवर अक्षरं गिरवायचे, आणि माझा 'क्ष' चुकला की तू मला उलथन्याची छडी दाखवायचीस. शेजारणी विचारायच्या, हौसा आता म्हातारपणी मामलेदारीण होणार वाटतं. झाले नाही, पण आज ते गिरवणं कामाला आलं. असलं पत्र मी कुणाकडून लिहून घेतलं असतं? ठमाबाई सुकी मासळी विकून दुपारच्या मोटारीने तुझ्या सासरगावी, मोऱ्याला परत जाणार आहे, तेवढ्यात हे पुरं करायचं आहे. सकाळी दारात टोपली उतरवली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच ती म्हणाली, तुजी पोर काल पुन्ना बाजूला बसली हाय गो, गंगाबायनी बाटली आनून ठेवली हाय, डोक्यावरून पानी घेतलं का गुरवारपासून देनार. बिचारी चांगली बातमी म्हणून सांगत होती. काल सोमवार म्हणजे पहिला दिवस, गुरुवार चौथा. माझ्या हातात उद्याचा एक दिवस आहे.

तुला माझा राग येईल की आई आता का उलटं बोलते. काढ्याचं कौतुक आपल्या घरात थोडं का झालं? तुझी आजी तुला लाडाने हाक मारायची तीच मुळी 'काढ्याची पोर' म्हणून. लग्नाला नऊ वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती, मग आजीने सात दिवस काढा दिला, आतलं वंगाळ सगळं बाहेर पडलं आणि दोन वर्षांनी तू झालीस. ही गोष्ट तू लहानपणापासून ऐकली आहेस. मीही ती खरी मानून चालले. ती गोष्ट जरा बाजूला ठेव. आधी माझ्या दुखण्याचं ऐक, कारण तिथूनच सगळं उलगडलं.

संक्रांतीला तू आलीस तेव्हा मी सारखी निजून होते आणि अंगात कणकण आहे म्हणाले. ते खोटं होतं. माझा कावळा शिवायचा बंद होऊन तीन वर्षं झाली, आणि दिवाळीच्या सुमारास एका पहाटे परसाकडून आले तर लुगड्याला रक्त. आपल्या मालूमावशीचं तुला आठवत असेल. तिचं बंद झालं होतं, दोन वर्षांनी पुन्हा सुरू झालं, ती हसून म्हणायची, मी परत तरणी झाले गो! पुढच्या आषाढात तिला चौघांनी उचलून नेलं. शेवटी तिच्या खोलीत कुणाला उभं राहवत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर मालूच उभी राहिली. मी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत माझाच जीव होता आणि तो रोज थोडा थोडा गळत होता. लुगडं घरी धुतलं तर तुझे बाबा बघतील म्हणून ओढ्यावर एकटी जायचे. रात्रीचं जेवण सोडलं, कारण जेवलं की सकाळी जावं लागायचं आणि गेलं की रक्त. आणि तिकडे मिठागरात कोंड्यांमधलं पाणी आटून मीठ पडायला लागलं होतं.

मिठाचं तर तुला सांगायला नको. आपल्याकडे बामणांसारखा सोवळ्याओवळ्याचा काच नाही, पण बाजूला असलेल्या बाईने मिठाच्या कोंडीत पाय घालायचा नाही, मीठ लाल पडतं, हे तुझ्या बाबांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं. मग मी काय करावं? सांगितलं तर घरी बसावं लागणार आणि बाबा विचारणार, या वयात कसं काय? न सांगता कोंडीत उतरले तर मीठ बिघडल्याचं पाप माझ्या माथी. मी उतरले. रोज मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचे आणि प्रत्येक पाटी ओतताना आधी मीठ बघायचे, लाल तर नाही ना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. एकदा संध्याकाळच्या उन्हात सगळी रासच मला तांबूस दिसली आणि मी पाटीसकट खाली बसले. गेल्या सोमवारी तर चक्कर येऊन पडलेच. बाबांनी मिठागरावरून बैलगाडीत घालून सरळ पनवेलच्या दवाखान्यात नेलं. गाडी हाकताना सारखं मागे वळून मी श्वास घेते आहे का बघत होते. एवढ्या वर्षांत त्या माणसाने मला इतक्या वेळा कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, चष्मा लावतात, बोलणं मात्र सासूसारखं कडक. बाबांना बाहेर काढलं आणि मला विचारलं, रक्त कुठून जातं? मी म्हटलं, खालून. त्या म्हणाल्या, खाली दोन वाटा आहेत, कुठल्या? भामा, मला काय माहीत? सत्तेचाळीस वर्षं या अंगात राहिले, पण ते कधी मी पाहिलेलं नाही. आपण जातो ते अंधारात, आंघोळ करतो ती लुगड्यासकट. काष्टा पुढून मागे गेलेला, डाग पडतो तो मधोमध. रक्त दिसलं की बाजूला बसायचं एवढंच आपल्याला शिकवलं, ते कुठलं हे कुणी शिकवलं नाही. मग त्यांनी स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि म्हणाल्या, एक पुढे ठेव, एक मागे, मध्ये अंतर राहू दे. उद्या सकाळी परसाकडे जाऊन आलीस की दोन्ही मला आणून दाखव.

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी दोन्ही पट्ट्या उजेडात धरल्या. पुढची कोरी होती, तांदळासारखी. मागचीला लालभडक ताजा डाग. डॉक्टरीणबाईंनी मग आतून बोटाने नीट तपासलं. मी लाजेने डोळ्यांवर पदर घेतला होता, तर त्या म्हणाल्या, डोळे झाकून काय होणार, मी तर उघडे ठेवलेत! मूळव्याध आहे म्हणाल्या. मालूमावशीचं दुखणं नाही, मूळव्याध. मला हसू यावं की रडू तेच कळेना. तिथेच मी मोठ्याने हसले आणि बाहेर बसलेल्या बाबांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

त्यांनी जे सांगितलं ते नीट वाच, घाईत वाचू नकोस. मूळव्याधीचं रक्त ताजं लाल असतं. परसाकडे बसल्यावर थेंबथेंब पडतं नाहीतर नंतर पुसताना दिसतं, आणि मग दिवसभर कापड कोरं राहतं. महिन्याचं तसं नसतं, ते रात्रंदिवस चालू राहतं. खडा झालेला असतो, कुंथावं लागतं. जाऊन आलं तरी अजून काही राहिलं आहे असं वाटतं. जागा चुरचुरते, खाजते. कधी हाताला मऊ कोंब लागतो, तो पहिल्यांदा आपला आपण आत जातो, पुढे पुढे बोटाने सारावा लागतो. आतला कोंब असला तर दुखतही नाही, नुसतं रक्तच दिसतं, म्हणून बाई फसते. पण प्रत्येक रक्त मूळव्याधच, असं समजून घरी बसायचं नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं. काळं डांबरासारखं पडलं, अंग झडायला लागलं, तर ते दुसरं काही असू शकतं आणि तपासून घ्यायलाच हवं. मला त्यांनी कोमट पाण्यात बसायला सांगितलं, पालेभाजी, भरपूर पाणी, रात्री इसबगोल. आणि रक्त फार गेल्यामुळे पंधरा दिवस उभं राहायचं नाही, गाडी-मोटारीचं तर नावच काढायचं नाही. नाहीतर मी हे पत्र लिहीत बसले नसते. आज ठमाबाई बोलली तशी मी उठले होते, पायरीवर पाय ठेवला आणि भिंत धरून खाली बसले.

आता पुढचं लिहायचं तर पेन्सिल जड झाली आहे. हे सगळं झाल्यावर नावगाव लिहून घेताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाळंतपणं किती? मी म्हटलं, एक. किती वेळा दिवस राहिले? मी म्हटलं, एकदाच. आणि मग बोलण्याच्या ओघात आपल्या घरची ती कौतुकाची काढ्याची गोष्ट सांगितली. तू होण्याच्या दोन वर्षं आधी, काढ्यापूर्वीचे काही महिने, मला दर पंधरा दिवसांनी रक्त दिसायचं, मी बाजूला बसायचे, सासू कपाळाला हात लावायची. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. त्या दिवसांत खडा व्हायचा का? व्हायचा. डोक्यावर ओझी होती का? मिठाची पाटी नसेल तो दिवस कुठला. रक्त सकाळीच दिसायचं का? मी ते दिवस आठवून पाहिले. हो, सकाळीच दिसायचं. मग त्यांनी हळूच विचारलं, काढा घेतल्यावर जे बाहेर पडलं ते कसं होतं?

भामा, मी ते पाहिलं होतं. काढ्याच्या तिसऱ्या दिवशी पोटात कळा सुरू झाल्या त्या संध्याकाळपर्यंत. जे पडलं ते तुझ्या आजीने फडक्यात गुंडाळलं, वंगाळ होतं ते गेलं म्हणाली आणि बांधाच्या कडेला पुरून आली. पण फडकं गुंडाळायच्या आधी मी पाहिलं होतं. माझ्या तळहाताएवढं. त्याला बोटं होती. मी मनाला सांगितलं, तुला भास झाला, रक्ताच्या गाठी कशाही दिसतात. आजीवर माझा राग नाही, तिला तरी कुठे माहीत होतं? माझे दिवस थांबले होते आणि मूळव्याधीच्या रक्ताने ते लपवले होते. महिन्यामागून महिना मी पोटुशी होते आणि कोपऱ्यात बाजूला बसत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पोटुशी बाईला मूळव्याध होणं ही रोजची गोष्ट आहे, पोटाचा भार खाली येतो, खडा होतो. तो काढा गर्भाशयाला आवळतो, कूस उजवत नाही, रिकामी करतो. मग दोन वर्षांनी तू झालीस ती काढ्यामुळे नव्हे. तू काढ्याची पोर नाहीस. तुझ्याआधी एक जण होता आणि मी त्याला माझ्याच हाताने वाटी तोंडाला लावून घालवला. मुलगा की मुलगी तेही मला माहीत नाही. तुझ्या बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्या बांधावर बसून ते रोज भाकरी खातात, मी कुठल्या तोंडाने सांगू?

आता स्वतःकडे बघ. संक्रांतीला आठ दिवस होतीस, त्यात दोन दिवस बाजूला बसलीस, आणि विहीण म्हणत होत्या की पंधरा दिवसांपूर्वीही बसली होतीस. मी तेव्हा माझ्याच भीतीत होते, म्हणून नजर असून आंधळी झाले. या आठवड्यात पडल्या पडल्या एकेक आठवतं आहे. तू पाटावर नीट टेकत नव्हतीस, एका कुल्ल्यावर कलून बसायचीस. सकाळी परसाकडून यायला उशीर व्हायचा आणि डोळे लाल असायचे. कापड मात्र दुपारी वाळत घालायचीस ते कोरंच असायचं. बोंबील भाजायला घेतले की तू नाकाला पदर लावून अंगणात पळायचीस. बोंबलासाठी रडणारी पोर तू! चिंच चोखत बसायचीस, दुपारी भिंतीला टेकून झोप लागायची. मला वाटलं सासरी फार राबवतात, तू पोटुशी असशील हे मनातही आलं नाही. पत्रासोबत ठमाबाईजवळ पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या दिल्या आहेत, तुझ्या बाबांच्या धुतलेल्या धोतराच्या. लाल दोरा घातला आहे ती पुढची. उद्या सकाळी परसाकडे जाताना दोन्ही ठेव आणि आल्यावर उजेडात बघ. पुढची कोरी असेल तर हातावर मोज, तुझं खरं महिन्याचं, रात्रंदिवस चालणारं, शेवटचं कधी झालं. आणि पुढचीवर डाग असेल तर काढा तर नाहीच नाही, पण एक तासही न थांबता मला कळव, मी डॉक्टरीणबाईंना घेऊन येईन, नाहीतर तुला खांद्यावर आणीन. काहीही निघालं तरी तुला डॉक्टरीणबाईंना दाखवायला आणायचंच आहे. गुरुवारी सकाळी ठमाबाई पुन्हा पनवेलला यायला निघेल, तिच्याबरोबर ये. आई अंथरुणाला खिळली आहे म्हणून सांग, त्यात खोटं काही नाही.

आणि आता जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते शेवटी लिहिते, कारण आधी धीर झाला नाही. गंगाविहिणींना तो काढा मीच सांगितला. संक्रांतीला तुला पोचवायला आल्या तेव्हा त्या जावयांसाठी करंजा गावच्या कुठल्या मुलीचं नाव काढत होत्या. दुसरी बायको करायला कायद्याने बंदी आहे म्हणे, पण कायदा मोऱ्याच्या धक्क्यावर उतरायला अजून वेळ आहे. मी घाबरले. विहिणीचे हात धरून म्हटलं, माझ्या लेकीला सवत आणू नका, आमच्यात एक काढा आहे, त्यानेच मला भामा झाली. पाला कुठला, मुळी कुठली, किती पाण्यात किती उकळायचं, सगळं मी सांगितलं, आणि त्यांनी पदराला गाठ मारून लक्षात ठेवलं. दवाखान्यातून आल्यावर आठवडाभर मी मनाची समजूत घालत होते की त्या विसरल्या असतील. त्या विसरल्या नाहीत. ती बाटली माझी आहे, भामा. टोपलीत सुकटीच्या खाली एक रिकामी बाटली ठेवली आहे. विहिणींची पाठ वळली की काढा तिच्यात ओत आणि त्यांच्या बाटलीत तुझ्या वाटणीच्या काळ्या चहाचं पाणी भर. तुला निघू देतील तर तूच ये. नाही निघू दिलं आणि समोर बसवून पाजलंच तर तो चहा पी आणि तोंड मात्र पुरतं वाकडं कर, लहानपणी एरंडेल घेताना करायचीस तसं. माझी बाटली ठमाबाईच्या टोपलीतून परत पाठव. गुरुवारी सकाळी भिंत धरून का होईना, मी दारात उभी राहीन. डॉक्टरीणबाईंना काय म्हणायचं ते म्हणोत. तू उतरलीस तर तुला बघेन, नाहीतर सुकट बाजूला करून आधी बाटलीला हात लावीन. ती जड लागू दे, एवढंच. ती जड लागली की मी समजेन, या वेळी मी वेळेवर पोचले.

तुझीच,
आई